तलावातल्या पेटीची पाहणी

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमचे सरपंच यादोरावजी. ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते विमा सर्व्हेअर वीरेंद्र साहेब. त्यांचं काम यापुढे सांभाळणाऱ्या, गोंदियाहून आलेल्या रुचिताई. मंचावर खुर्ची असूनही पेटीजवळच बसलेले आमचे चैतराम मास्तर. शेजारच्या गावांतून आलेली नाट्यमंडळं. आणि शेवटच्या रांगेत गप्पा मारत असलेले माझे जुने विद्यार्थी, ज्यांचे आवाज मला अजून ओळखू येतात. सर्वांना नमस्कार.

मी भाषण लिहून आणत नाही. आज आणलं, त्याचं कारण सरळ सांगते. तलावात गेलेल्या आमच्या पेटीची गोष्ट आता गावागणिक वेगळी झाली आहे. एका गावात म्हणतात, आम्ही कंपनीला फसवलं. दुसऱ्या गावात म्हणतात, साहेबांनी आमच्याकडून काहीतरी घेतलं. मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मलाच सांगितलं, की पेटी तलावात गेलीच नव्हती, ती नागपुरात विकली गेली. मी हातातला घास खाली ठेवला. वीरेंद्र साहेब परवाना परत करून लेकीकडे रायपूरला चालले आहेत. माणूस निघून गेला की त्याच्यामागे अशा गोष्टी फार जोमाने वाढतात. म्हणून जे घडलं ते लिहून काढलं आणि त्यांच्या देखत वाचते आहे. माझं काही चुकलं तर ते इथेच बसले आहेत.

आधी पेटीबद्दल. आमच्या नाट्यमंडळाची पेटी म्हणजे हातात धरायची नव्हे, पायपेटी. सागवानी, टेबलाएवढी उंच. पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. रंगमंचाच्या पुढ्यात तिची जागा, आणि तिच्यामागे चैतराम मास्तरांची. त्यांच्या आधी त्यांचे वडील तिथे बसत. नाटक नसेल तेव्हा पेटी मास्तरांच्या पडवीत असायची.

धान कापून झालं की संध्याकाळी मास्तर झाकण उघडत. माझं घर चार घरं सोडून. मी वह्या तपासत बसलेली असे, लाल पेन हातात. तो सूर चुलीच्या धुरासारखा जमिनीलगत, अंगणाअंगणातून येई. काही वेळाने मला कळेनासं होई की हा सूर आहे की बांधावरून वारा सुटला आहे. वही उघडी राही, पेन वाळून जाई. बाहेर पाहावं तर गाई परतत असत, आणि त्यासुद्धा हळू चालत आहेत असं वाटे. मी स्वप्नं पाहणारी बाई नाही. माझ्या वर्गात बसलेले साक्ष देतील. पण त्या घटकाभरात काही पोरांना दोन गुण जास्त पडले असतील. ते आता मी परत मागत नाही.

विमा मी उतरवायला लावला. मंडळाची अध्यक्ष झाले त्याच वर्षी. बैठकीत आमचे सचिव चंद्रकुमार उभे राहिले.

"बाई, पेटीचा कायले विमा जी? पेटी का मरते?"

"तुझ्या ट्रॅक्टरचा उतरवलास ना? तो मरतो का?"

"ट्रॅक्टर रस्त्यानं जाते."

"आणि पेटी काय पडवीत बसून नाटकं करते?"

ठराव मंजूर झाला. मग एजंट आले. पेटी, तबला, ढोलकी, माईक, भोंगे, रंगवलेले पडदे, सगळं पाहिलं. मास्तरांना विचारलं, पेटीचं वय काय? मास्तर म्हणाले, "माह्या बापाच्या लग्नात वाजली होती. पुढचा हिशोब तुमी लावा." एजंटांनी बराच विचार करून 'जुनी' असं लिहिलं.

आज इतकी मंडळं आली आहेत, तर मधेच एक सांगून घेते. खोलीत ठेवलेल्या सामानाचा विमा आपल्या कामाचा नाही. आपली वाद्यं खोलीत मोडत नाहीत, गाडीत मोडतात. प्रवास धरला आहे की नाही ते आधी विचारा. वाद्यावर बनवणाऱ्याचा नंबर असतो, तो कागदावर चढवून घ्या. आमच्या पेटीच्या झाकणाच्या आत पितळी पट्टीवर होता. आणि घरी येऊन वाचू असं म्हणू नका. घरी कोणी वाचत नाही.

पेटी मोडली त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या गावची मंडई, वर्षाची जत्रा, जवळ आली होती, आणि मंडईला नाटक नाही असं या गावाने पाहिलेलं नाही. दुसऱ्या एका गावातला प्रयोग आटोपून मंडळी पिकअपमधून पहाटे परतत होती. जंगलाच्या रस्त्यावर चितळांचा कळप आडवा आला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, आणि बरोबर केलं. चितळं वाचली, माणसं वाचली. दोर तुटला आणि पेटी खाली गेली. भाता फाटला, बाजूची फळी उभी चिरली. मास्तर तिच्याशेजारी रस्त्यावर बसून राहिले, उजाडेपर्यंत कोणी त्यांना उठवलं नाही.

मी तेव्हा गोंदियाला बहिणीकडे होते. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. फोनवर चंद्रकुमारला बजावलं, फोटो काढा, कंपनीला मी कळवते, साहेब येऊन पाहतील.

आता यापुढे जे झालं ते आमच्याच गावात होऊ शकतं. दसऱ्याला आम्ही वाद्यांना कुंकू लावतो. कुंकू लागलेली वस्तू मोडली तर ती घरात ठेवत नाहीत, उकिरड्यावर तर नाहीच नाही. ती पाण्यात सोडतात. फुटलेली ढोलकी, तुटलेले टाळ, सगळे आमच्या या तलावात गेले आहेत. पेटी पडवीत मोडून पडली होती तोवर मास्तरांच्या घरात कोणी धड जेवलं नाही. मग जाणत्यांनी ठरवलं आणि टाळ-मृदंगाच्या गजरात, फुलं वाहून, पेटी तलावात सोडली. साहेबांचं काय, असं कोणीतरी विचारलं होतं म्हणे. त्यावर उत्तर तयार होतं. साहेबांना व्हिडिओ पाठवू!

चंद्रकुमारचा मला फोन आला. आवाजात अभिमान.

"बाई, काळजीच करू नोका. पुरावा एकदम पक्का. पुरी मिरवणूक घेतली मोबाईलमंदी."

त्याच्यामागोमाग दुसरा फोन आला. वीरेंद्र साहेबांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

"मॅडम, मी सर्व्हेअर बोलतोय. आपल्या मंडळाचा व्हिडिओ मिळाला. बहुत बढिया है. फूल भी है, बाजा भी है. पण बॉडी कुठे आहे? बिना बॉडी के पोस्टमार्टम कैसे करूं?"

मी पट्टीसकट गावी आले.

आल्यावर कळलं, पेटी बुडालीच नव्हती. सागवानी लाकूड, आत कोंडलेली हवा. ती तरंगत होती. वारा नेईल तिकडे जात होती. सकाळी धुक्यात बांधावर उभं राहिलं की ती कधी कमळांच्या पानांत दिसे, कधी दूर पलीकडच्या काठाशी, आणि तिच्यावर परदेशातून आलेले पक्षी ओळीने बसलेले. लोक दात घासत पाहायला जात. कोणी म्हणे ती वाजते. मासेमार रामलाल म्हणाला, "वाजत नाही जी. श्वास घेते." एका डोळ्याने पाहिलेलं सगळं मला तेव्हा सपाट आणि जवळ दिसायचं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठून सुरू होतं ते समजत नसे, आणि त्या दोन्हींच्या मधे ती पेटी. मी रोज जात होते. कशासाठी, ते विचारू नका.

बैठक बोलावली. रामलाल म्हणाला, मासेमारीचे दोन डोंगे पाण्यात लावतो, दोर बांधतो, काठावर आणून देतो. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"सोडलेली वस्तू वापस नाही आणत जी," मास्तर म्हणाले.

"मंग क्लेम गेला," विक्की म्हणाला. लग्नांत साउंड लावतो तो आमचा विक्की. "मंडईले माह्या कीबोर्ड हाये. भाता नाही माराव लागत आन् आवाज दहा पेट्यायचा."

विक्कीचं काही चुकलं नव्हतं. तो मदतच करत होता. पण बोलून झाल्यावर त्यालाही कळलं आणि तो मान खाली घालून बसला. नवी पेटी घेण्याची मंडळाची ऐपत नव्हती. भरपाई मिळाली तर पेटी येणार होती. नाही मिळाली तर कीबोर्ड येणार होता, आणि कीबोर्डमागे मास्तर बसणार नव्हते. मंडईच्या रात्री ते लोकांत बसून नाटक पाहणार होते, त्यांच्या वडिलांच्या जागेसमोर, पाहुण्यासारखे.

चंद्रकुमार पुढे सरकला. "सोपं हाये. चोरीले गेली म्हणून लिवून देऊ. मास्तर सही करतीन."

"मी तिले कुंकू लावून पाठवली," मास्तर म्हणाले. "चोरीले गेली कसं म्हणू?"

"मास्तर, मंडईत वाजवाचं हाये का नाही?"

"वाजवाचं हाये."

"मंग?"

"मंग काई नाही." त्यांनी दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला आणि निघून गेले.

मी चंद्रकुमारला तिथेच उभं राहायला सांगितलं. दोन पोरांचा बाप, तरी बैठक संपेपर्यंत उभा राहिला. या मंडळाच्या नावाने खोटा कागद जाणार नाही, एवढं मी सांगितलं. पण घरी गेल्यावर मला झोप लागली नाही. खरं बोलण्याची किंमत मी देणार नव्हते, मास्तर देणार होते. आणि मास्तर एक शब्द बोलले असते तर त्यांना त्यांची जागा मिळत होती. पेटी काढा म्हटलं असतं तरी मिळत होती, चोरीला गेली म्हटलं असतं तरी मिळत होती. ते काहीच म्हणत नव्हते. मला त्यांचा राग आला होता. तो आज त्यांच्यासमोर कबूल करायला हरकत नाही. त्यांना तो तेव्हाच कळला होता.

साहेब मोटारसायकलवर आले. सकाळची वेळ, धुकं इतकं की आधी आवाज आला, मग दिवा, मग साहेब. मी त्यांना सगळं सांगितलं. पेटी कुठे आहे, आणि मास्तर ती काढू देत नाहीत, हे. ते बांधावर उभे राहून पाण्याकडे पाहत होते.

"मॅडम, मी राइस मिलमधे जळालेला तांदूळ पाहिला, पुरात बुडालेली दुकानं पाहिली. ऐसा केस पहली बार. पण नियमात लिहिलंय, वस्तू पाहावी. जमिनीवरच पाहावी, असं कुठे लिहिलंय?"

मास्तर मागे उभे होते. म्हणाले, "पाहा. पण काढाची नाही."

"नंबर तर पाहावा लागेल मास्तर. दुसऱ्याची पेटी पाहून माझ्या हातून रिपोर्ट लिहिला गेला तर?"

"तलावात दुसऱ्या कोनाची राहीन जी?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण नंबर सोडला नाही. मला तो माणूस तिथे आवडला. शेवटी मास्तर म्हणाले, झाकण मी उघडतो, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

रामलालच्या डोंग्यात आम्ही बसलो. साहेब, मास्तर आणि मी. मला नको म्हणत होते, डोळ्याचं कारण सांगून. मी आधीच बसले होते. काठ सुटला आणि गाव धुक्यात विरून गेलं. आवाज आला तर फक्त वल्ह्याचा. कमळाची पानं डोंग्याच्या तळाला घासत होती. पक्षी उठले नाहीत, नुसते बाजूला सरकले. मला वाटलं, आपण कुठेतरी पोहोचण्यासाठी निघालेलोच नाही. हे असंच चालणार, पांढरं पाणी, पांढरं आभाळ, आणि मधून मधून एखादं गुलाबी फूल आपल्याकडे पाहणार.

मग ती दिसली. एका अंगावर कललेली, निम्मी पाण्यात. कुंकू धुऊन गेलं होतं, एक झेंडूची माळ मात्र कोपऱ्याला अडकली होती. भाता पाण्याबरोबर हलत होता. रामलालचं खरं होतं.

साहेबांनी फोटो घेतले. चिरलेली फळी पाहिली, फाटलेला भाता पाहिला, सगळं मोठ्याने बोलून लिहून घेतलं, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. मग म्हणाले, "मास्तर, आता झाकण."

मास्तर पाण्यात उतरले. तिथे छातीएवढं पाणी होतं. दोन्ही हात झाकणावर ठेवले. रोज संध्याकाळी पडवीत ठेवत तसेच. झाकण फुगलं होतं, ते सहज उघडेना. मास्तरांनी जोर लावला नाही. थांबले, परत प्रयत्न केला, आणि ते उघडलं. आत पितळी पट्टी. साहेबांनी वाकून नंबर वाचला, माझ्याकडच्या कागदाशी ताडला, फोटो घेतला. म्हणाले, "बरोबर."

तेवढ्यात आत कोंडलेली हवा सुटली. एकदम नाही, हळूहळू. आणि सुटता सुटता तिने एक सूर दिला. खालचा, जाड, लांब. मी तो ऐकला. साहेबांनी ऐकला. रामलालने वल्हं उचलून धरलं. मास्तरांच्या हाताखालून पेटी उतरायला लागली. त्यांनी धरली नाही. ते तिच्याबरोबर हात खाली खाली नेत गेले, पाणी हनुवटीला लागेपर्यंत, आणि मग हात उघडे केले. पाणी वरून मिटलं. माळ वर राहिली.

"आता गेली," मास्तर म्हणाले.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती. काठावर उतरल्यावर त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तो सूर कोणता होता?" मी म्हटलं, मास्तरांना विचारा. मास्तर म्हणाले, "सा." आणि साहेबांनी तेही लिहून घेतलं. त्यांच्या रिपोर्टात आहे. मी वाचला आहे.

पंगतीतल्या गृहस्थांनी ऐकावं, आज ते इथे आहेत असं मला दिसतं आहे. साहेबांनी त्या दिवशी आमच्याकडे चहा घेतला नाही. रामलालने मासळी बांधून दिली, ती परत केली. रिपोर्टात एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. मिरवणूकही लिहिली. आणि त्याबद्दल त्यांना जाब द्यावा लागला. वरून विचारणा झाली, पाहणी चालू असताना वस्तू बुडालीच कशी? नियम असा, की पूर्ण भरपाई दिली की मोडकी वस्तू कंपनीची. मग कंपनीची वस्तू साहेबांसमोर तळाला गेली, तिचं काय? साहेब नागपूरला जाऊन अधिकाऱ्यांसमोर बसले. काय बोलले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. मी एकदा खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "जो देखा वही बताया, मॅडम. थोडा टाइम लगा, बस." एवढंच. तुमच्यापैकी किती जण अशा वेळी मोडक्या पेटीवरचा तो एक सूर कागदावर ठेवतील? मी स्वतःला विचारून पाहिलं आहे.

भरपाई मंडईच्या आधी आली. जुनी पण चांगली पायपेटी मिळाली, ती हीच, समोर आहे. मंडईच्या रात्री मास्तर आपल्या जागेवर बसले. सुरुवातीला भाता अडत होता, ते वैतागून म्हणाले, "पाय अजून ओयखत नाही." विक्कीने त्यांच्यासाठी माईक नीट लावला, दोनदा. नांदी सुरू झाली आणि मी डोळे मिटले. पट्टी तोवर निघाली होती, तरी मिटले. पुढे नाटकात काय झालं ते मला सांगता येणार नाही. मला पांढरं पाणी दिसत होतं, आणि कोणीतरी सावकाश वल्हं मारत होतं.

वीरेंद्र साहेब, रायपूर फार लांब नाही. मंडईला या. जेवण आमच्याकडे. आता तुम्ही सर्व्हेअर नाही, चहाला नाही म्हणता येणार नाही.

अध्यक्षांनी वेळ दिली, ती मी ओलांडली. मंडळाने भोजनाची व्यवस्था केली, सुशीलाबाई आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी सकाळपासून चूल सोडलेली नाही, त्यांचे आभार. मागच्या रांगेतले इतका वेळ गप्प राहिले, त्यांचेही. बोलण्यात कोणाला काही लागलं असेल, एखाद्याचं नाव घ्यायचं राहिलं असेल किंवा घ्यायला नको होतं तिथे घेतलं असेल, तर आजचा दिवस पाहून मोठ्या मनाने सोडून द्यावं.

आता आजच्या देण्याघेण्याची नोंद वाचते, म्हणजे उद्या आणखी एक गोष्ट फिरायला नको.

मंडळाकडून वीरेंद्र साहेबांना: शाल एक, श्रीफळ एक, यंदाचा चिन्नोर तांदूळ एक थैली. स्वीकारले.

वीरेंद्र साहेबांकडून रुचिताईंना, पुढील देखरेखीसाठी: सागवानी पायपेटी, एक. मालक, विमा कंपनी. ठिकाण, तलावाचा तळ. स्थिती, पाहता येत नाही. रुचिताईंनी सकाळी बांधावर उभं राहून ताबा घेतला.

साक्षीदार: चैतराम मास्तर. मास्तर सही करत नाही म्हणाले, वाजवतो म्हणाले. साक्ष तशीच घेत आहोत. मास्तर, सुरू करा.